रुसवा, राग आणि तासिका: प्राथमिक वर्गातल्या भावनिक शिक्षणाचा आढावा

शीव-धारावीच्या पट्ट्यात महापालिका शाळेची इमारत एक असली तरी तिच्यात शाळा दोन-तीन नांदतात. एका मजल्यावर मराठी माध्यम, वरच्यावर हिंदी किंवा उर्दू, कुठे तमिळ. सकाळचं अधिवेशन सुटलं की दुपारचं भरतं. मुलं येतात ती शीव कोळीवाड्यातून, धारावीच्या गल्ल्यांतून, प्रतीक्षा नगरच्या संक्रमण शिबिरांतून. त्या शिबिरांतली काही कुटुंबं लालबाग-गिरगावच्या मोडकळीस आलेल्या चाळींतून ‘तात्पुरती’ म्हणून आली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. तिथून फार लांब नाही अशा माटुंग्याच्या बाजूला खासगी शाळा आहेत. त्यांच्यापैकी काहींत समुपदेशकाची वेगळी खोली असते आणि पालकसभेत मुलाच्या मनःस्थितीबद्दल बोललं जातं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या दोन्ही प्रकारच्या वर्गांत एक नवी पद्धत शिरली आहे. मुलं बाक सरकवून गोल करून बसतात, भिंतीवरच्या चेहऱ्यांच्या तक्त्याकडे बोट दाखवून आज कसं वाटतंय ते सांगतात, मधल्या सुट्टीतलं भांडण वर्गात आणून त्यावर बोलतात. शिक्षणक्षेत्रात याला सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. आपल्याला काय वाटतंय हे ओळखणं, ते आवरता येणं, दुसऱ्याला काय वाटत असेल याचा अंदाज घेणं, नातं जोडणं नि टिकवणं, आणि विचार करून निर्णय घेणं ही त्याची सर्वमान्य पाच अंगं. पहिली ते चौथी-पाचवीच्या वयात हे शिकण्याची गरज आहे, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो कुणी शिकवायचं, वेगळा तास ठेवून की रोजच्या कामातून, आणि मूल शिकलं हे कशावरून ओळखायचं, याबद्दल.

दादरचं शिशुविहार ते कोल्हापूरचं सृजन आनंद

हा विषय अमेरिकेतून आला असं समजून चर्चा सुरू झाली की निम्मा इतिहास बाहेर राहतो. शीवपासून दोन-तीन स्टेशनं अलीकडे, दादरच्या हिंदू कॉलनीत, ताराबाई मोडक यांनी १९३६ साली शिशुविहार सुरू केलं. त्याआधी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं, आणि १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. माँटेसोरी पद्धत त्यांनी आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली. साधनं मुलाच्या उंचीची आणि हाताला येतील अशी हवीत, काम निवडण्याची मोकळीक हवी, शिक्षा नको आणि बक्षिसाचं आमिषही नको. भीती आणि लालूच या दोहोंनी मुलाचं मन वाकडं होतं, हे या मंडळींचं मूळ प्रतिपादन होतं. भावनिक शिक्षण हा शब्द तेव्हा कुणी वापरला नाही, पण वर्गातलं मुलाचं मन हाच त्या साऱ्या धडपडीचा विषय होता.

ताराबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं राहिलं. तिथली विकासवाडीची कल्पना आजच्या चर्चेला फार उपयोगी आहे. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी मुलगी शाळेत येत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाच्या मनावरचा भार हलका करायचा तर आधी त्याच्या कडेवरचं मूल कुणीतरी घेतलं पाहिजे, हे त्यात गृहीत होतं. या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. प्राथमिक शाळेतच स्पर्धा, क्रमांक आणि शिक्षा बाजूला ठेवून चालणारा तो प्रयोग. मुलांचे अनुभव हाच तिथे अभ्यासाचा कच्चा माल होता. फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्यातलं शोभा भागवतांचं गरवारे बालभवन आणि पुढे अक्षरनंदन ही त्याच काळातली, त्याच जातकुळीची कामं. ‘पालकनीती’सारखं मासिक १९८७ पासून पालकांशी याच विषयावर बोलत आलं. दुसऱ्या बाजूने, विचार-भावना-वर्तन यांची सांगड घालणारी अल्बर्ट एलिस यांची मांडणी कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली, आणि भावना ही शिकता-सुधारता येणारी गोष्ट आहे हा विचार घराघरांत गेला.

या परंपरेची एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. या सगळ्या शाळा कुणा एका विलक्षण व्यक्तीच्या किंवा ध्येयवेड्या गटाच्या बळावर चालल्या. हजारो शाळांच्या यंत्रणेत ते कसं उतरवायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते देणं हे त्यांचं कामही नव्हतं.

सरकारी वाट

यंत्रणेने आपली वाट वेगळी काढली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याने मूल्यशिक्षण आणलं. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा अशी दहा मूल्यं ठरली आणि रोजच्या परिपाठात त्यांना जागा मिळाली. त्या काळात शिकलेल्यांना तो क्रम आजही आठवेल: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. परिपाठाने अनेक मुलांना चारचौघांत उभं राहून बोलायला शिकवलं, हे त्याचं मोठं देणं. पण रचना अशी होती की बोलणारं मूल एक आणि ऐकणारी बाकी सगळी. संवेदनशीलतेवरची गोष्ट सांगून झाली की मुलं रांगेने वर्गात जात. त्या रांगेत कुणी कुणाला ढकललं, याचा त्या गोष्टीशी संबंध जोडला जाणं शिक्षकाच्या मर्जीवर होतं.

पुढचा मोठा टप्पा मूल्यवर्धनचा. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळच्या वाघोलीला आणून त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने झाली होती. त्यांच्याच प्रतिष्ठानाने २००९ साली बीड जिल्ह्यातल्या पाचशेच्या आसपास जिल्हा परिषद शाळांत मूल्यवर्धन सुरू केलं. नंतर राज्य शासनाच्या साथीने ते राज्यभरातल्या शाळांपर्यंत गेलं. पाया संविधानातल्या मूल्यांचा: स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता. पद्धत मात्र उपदेशाची नव्हती. जोडीत आणि गटात काम, पाळीपाळीने बोलणं, वर्गाचे नियम मुलांनी मिळून ठरवणं, शिक्षकाने ओरडण्याऐवजी हाताच्या खुणेने वर्ग शांत करणं, हा तिचा कणा. मूल्य आणि कौशल्य यांची सांगड घालणारा एवढ्या व्याप्तीचा दुसरा प्रयोग राज्यात झालेला मला दिसत नाही. त्याची नोंद मुंबईच्या चर्चेत कमी होते, कारण तो जिल्हा परिषद शाळांत वाढला.

दरम्यान दिल्लीने २ जुलै २०१८ रोजी हॅपिनेस करिक्युलम सुरू केला. नर्सरी ते आठवी, रोज एक तास, सुरुवातीला शांत बसणं, मग गोष्ट किंवा कृती आणि त्यावर बोलणं; परीक्षा नाही. त्याच धर्तीवर महाराष्ट्रात आनंददायी अभ्यासक्रमाची घोषणा झाली, आणि मार्च २०२४च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. श्वसनाची तंत्रं, ध्यान, समस्या सोडवण्याच्या युक्त्या, नातेसंबंध, त्याबरोबर रस्ता सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापनही. यादी लांब आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२२चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा या दोन्हींत सामाजिक-भावनिक विकासाला नावानिशी स्थान आहे, त्यामुळे शासकीय पातळीवर हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही.

पंचवीसेक वर्षांत राज्याने मूल्यशिक्षण, मूल्यवर्धन, आनंददायी अभ्यासक्रम आणि आनंददायी शनिवार अशी नावं पाहिली. प्रत्येकामागे चांगला हेतू होता. मात्र एका योजनेतून काय साधलं आणि काय हुकलं याचा हिशेब मांडून त्यावर दुसरी उभी राहिली, असं चित्र दिसत नाही.

जगात काय आढळलं

अमेरिकेतल्या चळवळीचं मूळ १९६८ साली न्यू हेवन शहरात बालमनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी दोन प्राथमिक शाळांत केलेल्या कामात आहे. दोन्ही शाळा गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या होत्या. कोमर यांनी पालक, शिक्षक आणि मानसतज्ज्ञ यांना शाळेच्या कारभारातच एकत्र बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकाच्या आरंभी दहा जीवनकौशल्यांची मांडणी केली. १९९४ साली या शिक्षणासाठी काम करणारी ‘कॅसल’ ही संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या पुस्तकाने विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला.

पुराव्यांच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास २०११चा. जोसेफ ड्युरलॅक आणि सहकाऱ्यांनी २१३ शालेय कार्यक्रम आणि दोन लाख सत्तर हजारांहून अधिक मुलं यांच्यावरचे निष्कर्ष एकत्र तपासले. कार्यक्रमात असलेल्या मुलांची अभ्यासातली प्रगती शतमानाच्या हिशेबात ११ अंकांनी पुढे होती. हा आकडा सगळे उद्धृत करतात. त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात. अभ्यासातल्या प्रगतीवर ठळक परिणाम दिसला तो शाळेच्या स्वतःच्या शिक्षकांनी कार्यक्रम घेतला तेव्हाच. बाहेरच्या माणसांनी घेतला तेव्हा नाही. आणि जिथे अंमलबजावणीत अडचणी आल्या तिथे फायदाही आटला. २०२३च्या आढाव्यात क्रिस्टिना सिप्रियानो आणि सहकाऱ्यांनी ५३ देशांतले ४२४ अभ्यास घेतले. एकंदर कल पुन्हा अनुकूलच निघाला.

उलटा पुरावाही आहे, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘मिरियाड’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. शाळेत सरसकट सगळ्यांना सजग ध्यान शिकवून मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नाही. तो अभ्यास कुमारवयातल्या मुलांवर होता, त्यामुळे दुसरी-तिसरीच्या मुलांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण पाच मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं म्हणजेच भावनिक शिक्षण, अशी समजूत आपल्याकडे पसरत असताना तो लक्षात ठेवायला हवा.

मुंबईत कोण काय म्हणतं

पहिली भूमिका वेगळ्या तासाच्या बाजूची. वाचन-लेखनाला जसा क्रम असतो तसा याला असावा, नाहीतर ते कुणाचंच काम राहत नाही, असं हे लोक म्हणतात. टाटा समाजविज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी मुंबईत ‘अपनी शाला’ ही संस्था काढली, आणि महापालिका शाळांतल्या मुलांसोबत आखीव पाठांच्या आधारे हे काम केलं. पुढे गोवंडीत त्यांनी ‘खोज’ ही शाळाच चालवायला घेतली, हे मला सूचक वाटतं. आठवड्यातल्या एका तासापासून सुरुवात झाली तरी काम पूर्ण शाळेच्या दिशेने सरकतं.

दुसरी भूमिका विणून टाकण्याची. भावनांचा तास वेगळा काढला की बाकीच्या सहा तासांत त्या नसल्यासारखं वागायची मुभा मिळते, असा तिचा आक्षेप आहे. ताराबाई-लीलाताईंचा वारसा इथे येतो. मुंबईत ‘मुक्तांगण’ने २००३ साली ग्लोब मिल पॅसेजच्या महापालिका शाळेतून सुरुवात केली आणि वरळी-परळ भागातल्या सात शाळांपर्यंत काम नेलं. परिसरातल्याच स्त्रियांना शिक्षक म्हणून घडवायचं, आणि वर्गात मुलांमागे मोठी माणसं नेहमीपेक्षा जास्त ठेवायची, हा त्यांचा मार्ग. गिरणगावात वाढलेल्या बाईला वर्गातल्या मुलाचं घर ठाऊक असतं. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला तिला तक्ता लागत नाही. या पद्धतीचा खर्च माणसांत आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठेवलं आहे. एवढ्यात हे होतं का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

तिसरी भूमिका संस्कारांची. पालकांत तिला मोठा आधार आहे, शिक्षकांतही. मुलाला आधी बरं-वाईट कळावं, मग काय वाटतं ते विचारावं, असं त्यांचं म्हणणं. मूल रागावलं तर रागाला नाव दे असं शिकवण्याऐवजी मोठ्यांवर आवाज चढवू नये हे शिकवा. या भूमिकेला जुनाट म्हणून निकालात काढणं योग्य नाही. कौशल्य तटस्थ असतं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारं मूल त्याचा उपयोग चिडवण्यासाठीही करू शकतं. दिशा कशाने मिळणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि मूल्यवर्धनने संविधानाचा आधार घेऊन त्याचंच उत्तर शोधलं.

चौथी भूमिका टीकाकारांची. ब्रिटनमध्ये कॅथरिन एकलस्टोन आणि डेनिस हेज यांनी शिक्षणाचं उपचारात रूपांतर होत असल्याचा इशारा दिला. आपल्याकडच्या टीकेचा रोख वेगळा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, पाण्याची वेळ पहाटेची, खोली रिकामी करण्याची नोटीस दारावर. अशा घरातून आलेल्या मुलाला चिडचिड आवरायला शिकवणं म्हणजे परिस्थितीचा भार त्याच्याच अंगावर टाकणं नाही का? जातीवरून किंवा भाषेवरून चिडवलं गेलेल्या मुलाचा राग योग्यच आहे. तो शमवायचा की ऐकायचा? कोसबाडच्या पाळणाघराची आठवण मला इथे येते. ताराबाई-अनुताईंनी परिस्थिती आणि मन यांत निवड केली नाही. दोन्ही कामं एका आवारात आणली.

पाचवी भूमिका व्यासपीठावर कमी आणि शिक्षक-खोलीत जास्त ऐकू येते: आधी वाचता येऊ दे. तिसरी-चौथीच्या कितीतरी मुलांना पहिली-दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे मुंबईतच जन्मलेल्या ‘प्रथम’च्या ‘असर’ अहवालांनी २००५ पासून ग्रामीण भारताबद्दल सातत्याने दाखवलं, आणि पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण भारत’ अभियानानंतर शाळांवर तोच रेटा आहे. अशात आणखी एक उपक्रम, त्याचे फोटो, त्याची लिंक भरणं. शिक्षणहक्क कायद्याचं २७वं कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सोडवतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांना अपवाद ठेवतं. मुंबईच्या शिक्षकाच्या वर्षातले किती दिवस त्या अपवादात जातात हे शाळेत विचारलं तर कुणीही सांगेल. या शिक्षकांना विषय नको आहे असं नाही. त्यांना वेळ हवा आहे.

शीव रुग्णालयाच्या ओपीडीतून

वाचन आधी की भावना आधी, हा वाद ज्यांच्या बाबतीत पार विरघळतो अशी मुलं शीवमध्येच दिसतात. लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं शीव रुग्णालय. तिथल्या बालरोग विभागात नव्वदच्या दशकापासून अध्ययन-अक्षमतेचं केंद्र चालत आलं आहे. डॉ. माधुरी कुलकर्णी आणि डॉ. सुनील करंदे यांच्या कामातून ते उभं राहिलं आणि राज्यभरातले पालक तपासणीसाठी तिथे येऊ लागले. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, पण अक्षरं उलटी-सुलटी होतात, शुद्धलेखन जमत नाही, गणिताची चिन्हं चुकतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली.

अशी मुलं केंद्रापर्यंत पोहोचतात ती बहुधा प्राथमिक वर्ग संपत आल्यावर किंवा संपल्यावर. तोवर काय होतं, ते कुठल्याही शिक्षकाला माहीत आहे. दुसरीत वही लपवणं. तिसरीत पाढे म्हणायची पाळी आली की पोटात दुखणं. चौथीत मागच्या बाकावर बसून दंगा, कारण दंगेखोर म्हटलेलं परवडतं, ‘ढ’ म्हटलेलं नाही. या मुलाला राग आवरण्याचं तंत्र शिकवून उपयोग नाही. त्याच्या रागाचं कारण वाचनाच्या तासात आहे. आणि नुसतं जादा वाचन देऊनही भागत नाही, कारण पुस्तक उघडताच त्याचं अंग आक्रसतं. भय आणि वाचन ही एकाच गाठीची दोन टोकं आहेत. वर्गशिक्षिकेला ती गाठ दिसली आणि तिने पालकांना दुसरीतच शीव रुग्णालयाचा पत्ता दिला, तर ते माझ्या मते उत्तम भावनिक शिक्षण आहे, मग त्याला तास असो वा नसो.

याच रुग्णालयात नवजात शिशुविभाग सांभाळलेल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली ‘स्नेहा’ संस्था सुरू केली. धारावीतल्या माता-बालकांचं आरोग्य आणि घरातली हिंसा यावर तिचं काम आहे. शाळेत सामाजिक-भावनिक शिक्षण देणाऱ्या संस्था, घरातल्या हिंसेवर काम करणाऱ्या संस्था आणि रुग्णालय यांच्या वाटा एकाच मुलाच्या आयुष्यातून जातात. त्यांची गाठ घालून देणारी व्यवस्था शाळेत असावी की प्रभागात, यावर अजून पुरेसं बोलणंही झालेलं नाही. मूल गोलात बसून घरचं काही भयंकर सांगून गेलं, तर बाईंनी पुढे काय करायचं? २०१२च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराबाबत कळवण्याचं बंधन घातलं आहे. मारहाण, दारू, उपासमार यांबाबत शिक्षिका बहुधा एकटीच असते. मुलांना बोलतं करायचं प्रशिक्षण दोन दिवसांत देता येतं. ऐकल्यानंतरची जबाबदारी कुणी उचलायची, ते त्यात क्वचितच असतं.

कोविडने हे सगळं उघड्यावर आणलं. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग मार्च २०२०ला बंद झाले, १५ डिसेंबर २०२१ला उघडले, जानेवारीत पुन्हा काही दिवस मिटले आणि २४ जानेवारी २०२२ला परत सुरू झाले. पहिलीचा वर्ग प्रत्यक्ष न पाहता मुलं थेट दुसरी-तिसरीत येऊन बसली. रांगेत उभं राहणं, पाळी येईपर्यंत थांबणं, खोडरबर मागून घेणं हेही शिकवावं लागतं, हे त्या वर्षी अनेकांना पहिल्यांदा जाणवलं.

मोजायचं कसं

सर्वांत अवघड प्रश्न मूल्यमापनाचा. राज्यात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने. कल्पना उत्तम होती: शिक्षकाने मुलाकडे नीट पाहावं आणि जे दिसलं ते लिहावं. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘मित्रांना मदत करतो’, ‘आपल्या भावना योग्य प्रकारे व्यक्त करतो’, ‘गटात सहकार्याने काम करतो’. वर्गातली पाच-सहा मुलं ओळीने तीच. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. दोन सत्रांत चाळीस मुलांच्या विषयवार नोंदी हाताने लिहायच्या, तर याद्या निघणारच.

नव्या धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक याच वाटेवरचं पुढचं पाऊल. त्यात मूल स्वतःबद्दल नोंद करतं, वर्गमित्र करतो, पालकही करतात. बाजूने बोलणारे म्हणतात की भावनिक बाजू नोंदली नाही तर व्यवस्था तिच्याकडे पाहतच नाही. विरोधातलं म्हणणं असं की सात वर्षांच्या मुलाच्या नावापुढे ‘भावनांवर नियंत्रण कमी’ असं लिहिलं गेलं तर ते पुढच्या वर्षीच्या बाईंच्या डोळ्यांत आधीच बसतं. दिल्लीने तर परीक्षाच ठेवली नाही. मधला रस्ता काहींनी सुचवला आहे: मूल्यमापन मुलाचं नको, वर्गाचं करावं. या वर्गात मुलं चूक झाली तर विचारतात का, मारामारी झाल्यावर दोन्ही बाजू ऐकल्या जातात का, खिचडी वाढताना कोण कुणाशेजारी बसतं आणि कुणाशेजारी कुणीच बसत नाही. हे पाहायला प्रश्नावली लागत नाही, पण पाहणारा माणूस वर्गात पुरेसा वेळ थांबावा लागतो. मला ही सूचना इतर दोन्हींपेक्षा जास्त पटते.

काय अनिर्णित आहे

मराठी शाळांतल्या प्राथमिक मुलांवरचा दीर्घ पल्ल्याचा पुरावा हाताशी नाही. मूल्यवर्धनचा अनुभव ग्रामीण शाळांचा आहे. दोन अधिवेशनांच्या, एका इमारतीत अनेक माध्यमं असलेल्या मुंबईच्या शाळेला त्यातलं किती लागू पडतं ते तपासलं गेलेलं नाही. परदेशी अभ्यासांतले कार्यक्रम आठवड्याला ठरलेल्या वेळी, प्रशिक्षित माणसाने, वर्षभर घेतलेले असतात. आपल्याकडे शनिवारच्या उपक्रमाला मिळणारा वेळ, माणूस आणि सातत्य यांची तुलना त्याच्याशी होऊ शकत नाही, म्हणून तिथले आकडे दाखवून इथल्या योजनेचं समर्थन करणं किंवा तिला खोडणं, दोन्ही घाईचं ठरेल.

शिक्षकाच्या स्वतःच्या मनाचं काय, हा दुसरा मोकळा प्रश्न. कायद्याने २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण हातातली छडी काढून घेताना त्या जागी काय द्यायचं, याचं प्रशिक्षण तेवढ्या गांभीर्याने झालं नाही. विरारहून किंवा बदलापूरहून लोकलने येणारी, परतल्यावर घरचं सगळं करणारी, मधल्या सुट्टीत पोषण आहाराचा हिशेब लिहिणारी बाई दुपारच्या अधिवेशनाच्या शेवटच्या तासाला शांत कशी राहणार? बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत तिच्यासाठी काही नसतं. आणि ड्युरलॅक यांचा निष्कर्ष खरा धरला, तर सगळी मदार तिच्यावरच आहे.

तिसरा प्रश्न संस्था निघून गेल्यावरचा. महापालिकेच्या हजाराहून अधिक शाळांत, आठ माध्यमांत, बाहेरच्या संस्था करार करून येतात आणि निधी संपला की जातात. मुलांना जीव लावणारी ताई किंवा दादा पुढच्या जूनमध्ये दिसत नाही. नाती जोडायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाचा शेवट असा होतो, तेव्हा मुलांना त्यातून काय कळतं याचा अभ्यास व्हायला हवा.

यातलं बरंचसं शीवसारख्या एका भागात तपासता येण्याजोगं आहे. एफ-उत्तर प्रभागातल्या काही महापालिका आणि काही अनुदानित मराठी शाळा घ्याव्यात. एका गटात वेगळा तास, दुसऱ्यात तास न ठेवता वर्गशिक्षकाला वर्षभर नियमित भेटणारा मार्गदर्शक आणि कागदी कामातून ठोस सूट, तिसऱ्यात आज जे चालू आहे ते. तीच मुलं पहिलीपासून चौथीपर्यंत पाहावीत: त्यांची हजेरी, त्यांचं वाचन, आणि शीव रुग्णालयाच्या केंद्रात जावं लागलेली मुलं कितव्या इयत्तेत तिथे पोहोचली. चार वर्षं योजनेचं नाव बदलू नये, एवढी अट शासनाने पाळली तर पुढची चर्चा अंदाजावर करावी लागणार नाही.